एकाहत्तर दिवसांचा केस

वैजूला दिवस मोजायची सवय लागली होती, आणि ही सवय कशी असते बघा, एकदा लागली की माणूस कॅलेंडर समोर नसतानाही मोजतं. भाजी चिरताना मोजायची, बस थांब्यावर उभी राहून मोजायची, डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत. पाच वर्षांत एकशे ऐंशी दिवस. तेवढेच देशाबाहेर घालवायचे. त्याच्या आत राहिलात तर कायम वास्तव्याचं कार्ड, मग वर्षभर गावी जाऊन बसा, कुणी विचारत नाही. एकशे एक्याऐंशी झाले तर घड्याळ शून्यावर, पाच वर्षं पहिल्यापासून.

देश कुठला ते राहू दे. उत्तरेकडचा, गार, डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावायला लागणारा. वैजू म्हणजे वैजयंता येलपले, मंगळवेढ्याकडची, गाव निंबोळे. काम करायची पवनचक्क्यांच्या पात्यांचं. ड्रोन समुद्रातल्या पवनचक्कीभोवती फिरून फोटो काढणार, आणि ही घरात बसून एकेक पातं बघणार, कुठं चीर गेलीय, कुठं रंग उडालाय. दिवसाला चारशे-पाचशे फोटो. संध्याकाळी डोळे मिटले तरी पाती फिरायचीच.

तिचे एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस गेलेले होते. सव्वीस रेवणदादाच्या, म्हणजे मोठ्या भावाच्या लग्नात. एकवीस, विमानं बंद पडली होती तेव्हा नाइलाजानं अडकली ते. आणि एकशे एकतीस आईच्या दुखण्यात. आई गेली तेव्हा ही उशाशी होती, त्याचं समाधान होतं. पण मागं उरले दोन दिवस. दोन दिवसांत निंबोळ्याला नुसतं पोचता येतं.

आता यातली खरी भानगड सांगते ती तपासणीची. पूर्वी कसं, अर्जात तारखा लिहायच्या, पासपोर्टावरचे शिक्के दाखवायचे, तिकिटं जोडायची, झालं. पण शिक्का, तिकीट, व्हिडिओ, कामाची हजेरी, सगळंच हुबेहूब खोटं करून मिळायला लागलं. त्यात त्या भागातल्या देशांच्या आपापसातल्या सीमा उघड्या. बसनं शेजारच्या देशात जायचं, तिथून विमान पकडायचं, तसंच परत यायचं, इथल्या यंत्रणेला पत्ताच नाही. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माणसाचा केस धरला.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि वाढताना तुम्ही जे खाताय, पिताय त्यातूनच वाढतो. आता गंमत अशी की कार्बन सगळा सारखा नसतो. त्यात थोडा जड कार्बन असतो. गहू, तांदूळ, बटाटा ही झाडं तो जड कार्बन फार घेत नाहीत. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची ऊन पकडायची तऱ्हा वेगळी, ती जरा जास्त घेतात. पाण्याचंही तसंच. ढग उष्ण प्रदेशातून उत्तरेकडं सरकत जातात तसं त्यांच्यातलं जड पाणी वाटेतच पडून जातं, म्हणून तिकडचा पाऊस हलका. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या रानातलं पाणी जड, त्या रानातलं धान्यही जड. हे सगळं केसात जसंच्या तसं उतरतं, आणि एकदा उतरलं की पुसत नाही. यंत्र लेझरनं केस मिलिमीटर-मिलिमीटर वाचत जातं आणि सांगतं, हा महिना इथं, हा महिना तिथं. वैजूची वेणी कमरेपर्यंत. म्हणजे पाचही वर्षं तिच्या पाठीवर लोंबत होती.

तिनं बट दिली तेव्हा तिला कसलीच धास्ती नव्हती. एकशे अठ्ठ्याहत्तर लिहिले होते, एकशे अठ्ठ्याहत्तरच होते. उलट ती खूश होती, यंत्र तर खोटं बोलणार नाही. निम्मी बट तपासायला, निम्मी पाकिटात राखीव. निकाल लागला की राखीव बट परत, असा नियमच होता.

तीन आठवड्यांनी वास्तव्य कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या बाईंचं नाव मारिट. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं, दिवसभर लोकांच्या केसांचे आलेख बघून वैतागलेल्या, पण बोलायला सरळ. त्यांनी पडद्यावर वैजूची पाच वर्षं उघडली. एक लांबलचक रेघ. त्यात एक उंचवटा, दादाचं लग्न. दुसरा, विमानांचा. तिसरा मोठा, आईचा. आणि मुळापासून तेरा सेंटीमीटरवर चौथा. तेरापासून साडेपंधरापर्यंत. एकाहत्तर दिवस.

मारिटबाईंनी विचारलं, हे तुम्ही अर्जात कसं लिहिलं नाही? वैजू म्हणाली, मी तेव्हा इथंच होते. मारिटबाई म्हणाल्या, यंत्र म्हणतंय तुम्ही भीमेच्या खोऱ्यात होता, खात्री शंभरात चौऱ्याऐंशी.

वैजूनं उंचवट्याखाली बघितलं, तिथं तारखा होत्या. त्या तारखा तिला वाचायची गरज नव्हती. त्या आबांच्या होत्या, तिच्या वडिलांच्या.

तर झालं होतं असं. आई गेल्यावर दोनएक वर्षांनी आबांचं यकृत बिघडलं. रेवणदादानं त्यांना सोलापूरला नेलं, इस्पितळाजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथंच राहिला. वैजूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मी येते. आबांनीच अडवलं. आबा बोलायला तुसडे. म्हणाले, तू काय डॉक्टर हायस का, तुझी पाच वर्षं पुरी कर, मग ये आणि बस माझ्या उशाशी म्हातारी होस्तोवर. ती रडली, त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लावला.

आणि मग आबांनी जेवण सोडलं. म्हणजे हट्टानं नाही, जाईचनाच. दोन घास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. तेव्हा वैजूनं एक युक्ती केली. दादानं तिला आधीच शेतातली मालदांडी ज्वारी बोटीच्या पार्सलनं पाठवली होती, पोतंभर, बरोबर घरचं करडईचं तेल, शेंगदाणे, मटकी, हुलगे. तिच्याकडं छोटी घरघंटी होती. आबांच्या दुपारच्या जेवणाला तिचे सकाळचे आठ वाजायचे. ती भाकरी थापायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि म्हणायची, आबा, मी एक घास घेते, तुम्ही एक घ्या. तिकडं दादा भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायचा. हिचा घास, त्यांचा घास. रात्रीच्या जेवणाला हिचे दुपारचे अडीच, तेव्हा परत तेच. आबा जे खातील तेच ही खाणार, आबांनी बघितल्याशिवाय ही काही खाणार नाही. गहू नाही, बटाटा नाही, तिकडचं दूधसुद्धा नाही. पाणी तेवढं नळाचं. असे एकाहत्तर दिवस. शेवटच्या दिवशी त्यांनी दुपारी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी, आणि संध्याकाळी गेले.

दोन दिवस शिल्लक होते तिच्याकडं. ती गेली नाही. दहाव्याला दादानं माण नदीच्या काठावर केस दिले, ते तिनं फोनवर बघितलं. नंतर दादाचे फोन हळूहळू कमी झाले. पाऊस पडला, पाऊस पडला नाही, एवढंच मेसेजमध्ये. तो रागावलाय हे तिला कळत होतं, आणि कुठल्या तोंडानं विचारायचं हे कळत नव्हतं.

हे सगळं तिनं मारिटबाईंना सांगितलं, तुटक तुटक. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, हे शक्य आहे. पाणी जड की हलकं हे केसातल्या हायड्रोजनवरून कळतं, आणि तो बराचसा अन्नातूनच येतो, माणूस दोन महिने एकाच रानातलं खात राहिला तर यंत्र फसू शकतं, प्रयोगशाळा तसं लिहूनही देईल. पण तेवढ्यानं भागणार नाही. कारण आम्ही तुमच्या गावाला विचारलं होतं.

आणि त्यांनी दुसरा कागद उघडला. निंबोळे ग्रामपंचायतीचं उत्तर. मराठीत, खाली शिक्का. 'अर्जदार या वडिलांच्या आजारपणात अखेरपर्यंत सोलापूर येथे हजर होत्या असे ग्रामस्थांकडून समजते.'

वैजूनं ते तीनदा वाचलं. कुणी सांगितलं हे?

बाई म्हणाल्या, ते मला कसं माहीत असणार. एकाहत्तर धरले तर तुमचे दोनशे एकोणपन्नास होतात. अर्ज फेटाळला जाईल. तुमच्या कामाचा परवाना चार महिन्यांत संपतोय, दुसरा मिळणार नाही. पंचायतीनं आपलं उत्तर बदललं, रक्ताच्या नातेवाइकाची सही घेऊन, तरच हे सुटेल. तीस दिवस आहेत.

म्हणजे बघा, तीस दिवसांत तिला सिद्ध करायचं होतं की बाप मरत असताना ती तिथं नव्हती.

बाहेर बाकावर बसून तिनं दादाला फोन लावला. चार-पाच महिन्यांनी. तो रानात होता, मागं कुणीतरी पाखरं हाकत होतं. तिनं सगळं सांगितलं, केस, यंत्र, पंचायत. शेवटी तिनं विचारलं, दादा, पंचायतीत हे कुणी सांगितलं असेल?

"मीच सांगितलंय," तो म्हणाला.

तिला वाटलं रागानं. तिला वाटलं, ह्यानं सूड घेतला.

"दहाव्याला सगळी विचारत व्हती, लेक न्हाई आली का, लेक न्हाई आली का. किती जणांना काय सांगू? म्हटलं, आली व्हती की. सोलापुरात, इस्पितळात तीच बसून व्हती दोन महिने, आबांला तिनंच भरवलं. काल रजा संपली म्हणून गेली. सोलापुरात कोण बघाय येतंय. तुझ्या नावाला कुणी बोट लावू नये, बाई. म्हणून बोललो."

वर्षभर ती समजत होती की गाव तिला नावं ठेवतंय आणि दादा ऐकून घेतोय. आणि तिकडं दादा गावाला तिची गोष्ट सांगत होता. आबांना कसं भरवलं, कशी उशाशी बसली. रोज थोडी वाढवून सांगत असणार, तसा त्याला नादच होता.

मग रागावलास कशाला माझ्यावर, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, गावात तुझी कड घेऊन बोलायचो आणि घरी येऊन तुझाच राग यायचा. खोटं बोलायला लावलंस म्हणून.

तिनं सांगितलं, ते आता खोडायला लागेल, तुझ्या सहीनं. पंचायतीत.

"ग्रामसभेत सांगाय लागंल," तो म्हणाला. "ग्रामसेवक एकट्याच्या म्हणण्यावर बदलून देणार न्हाई." आणि मग, दमलेल्या आवाजात, "आठ दिवस दे मला."

आठ दिवस ती पाती बघत राहिली. चीर, रंग, चीर. नवव्या दिवशीही काही नाही. दहाव्या दिवशी वहिनीचा फोन आला, आणि ग्रामसभेत काय झालं ते तिनं सांगितलं, दादानं सांगू नको म्हटलं होतं तरी. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर हा उठला. म्हणाला, एक दुरुस्ती हाय. सगळ्यांना वाटलं टाकीचीच. मग त्यानं सांगितलं की बहीण आली नव्हती. धुळातात्या म्हणून आबांचे जुने सोबती, ते म्हणाले, अरं, तूच म्हणत हुतास तिनं भरवलं म्हणून, माझ्या घरातल्या पोरींना मी तिची उदाहरणं देतोय. दादा म्हणाला, भरवत मी व्हतो, ती फोनवर व्हती, आली न्हवती, मी खोटं बोललो. मागनं कुणीतरी हसलं. ग्रामसेवकानं लिहून घेतलं, याची सही घेतली. घरी येऊन हा जेवला नाही, वहिनी म्हणाली, पण झोपला मात्र गाढ.

दुसऱ्या दिवशी दाखला आला. 'सदर इसमाची बहीण वैजयंता ही वडिलांच्या अंतकाळी हजर नव्हती. याबाबत पूर्वी दिलेली माहिती चुकीची होती. सबब हा दाखला देण्यात येत आहे.' खाली दादाची सही. शाळेतल्यासारखी, पूर्ण नाव, रेवणसिद्ध, एकही अक्षर न जोडता.

मारिटबाईंनी सगळं तपासलं, प्रयोगशाळेचं पत्र, दाखला, त्याचं भाषांतर. म्हणाल्या, आता शेवटचं एकच. निवेदन तुमच्या आवाजात नोंदवायचं असतं. तुमच्या भाषेत चालेल, भाषांतर यंत्र करेल. वाक्य समोर आलं. वैजूनं बघितलं. साधं वाक्य होतं, दहा वर्षांच्या पोरीनंही वाचलं असतं.

ती म्हणाली, पाणी मिळेल का. बाईंनी दिलं. ती प्यायली. परत वाक्य बघितलं.

"वडिलांच्या आजारपणाच्या एकाहत्तर दिवसांत," ती म्हणाली, "मी तिथं नव्हते."

यंत्र म्हणालं, आवाज अस्पष्ट, पुन्हा बोला.

ती पुन्हा बोलली. या वेळी स्पष्ट.

पडद्यावर चौथा उंचवटा होता तो हळूहळू बसत गेला, जसं उतू आलेलं दूध आच कमी केली की बसतं, आणि रेघ सपाट झाली. साऱ्या जगात तेवढ्या एका जागी नोंद होती की ती आबांजवळ होती. आता तिथंही नव्हती. तिनं विचारलं, आधीचा आलेख छापून मिळेल का. बाई म्हणाल्या, चुकीच्या नोंदी आम्ही ठेवत नाही, कुणाला देतही नाही. मग त्यांनी खणातून एक पाकीट काढून तिच्यापुढं सरकवलं. राखीव बट. हे मात्र तुमचंच आहे, त्या म्हणाल्या, आणि पुढचा नंबर पुकारायच्या आधी त्यांनी दोन्ही डोळे बोटांनी चोळले.

कार्ड जानेवारीत आलं. फेब्रुवारीत ती निंबोळ्याला पोचली.

दादा थकलेला दिसत होता, आणि तीही, दोघांनी एकमेकांना तसं सांगितलं. ज्वारीची काढणी चालू होती. चहा झाला आणि तो म्हणाला, चल, नदीला जाऊन येऊ. माणला फेब्रुवारीत पाणी कुठलं, वाळूच ती. पण खालच्या अंगाला एक डबकं राहतं, त्याच्या काठाला दोघं बसले. धुळातात्या पलीकडनं शेरडं घेऊन चालले होते, त्यांनी वैजूकडं बघितलं, हात वर केला नाही, तसेच पुढं गेले. दादा म्हणाला, येतील वळणावर, वेळ लागंल.

तिनं पिशवीतून पाकीट काढलं. कशाला आणलं होतं हे तिलाही नीटसं माहीत नव्हतं, तिकडं कुठं ठेवावं तेच सुचलं नव्हतं. लांब बट, एका कागदी पट्टीला चिकटवलेली, पट्टीवर सेंटीमीटरच्या खुणा आणि आकडे. दादानं ती तळहातावर घेतली, उन्हात धरली, उलटसुलट करून बघितली.

"ह्यातले आबांचे दिवस कुठले?"

तिनं नखानं दाखवलं. तेरापासून साडेपंधरापर्यंत. दोन बोटांच्या रुंदीएवढे केस, बाकीच्यांसारखेच काळे. तिनं त्याला समजावलं की एवढाच भाग तेव्हा वाढला, आपल्याच ज्वारीवर वाढला, घासाघासानं, आणि यंत्राला तो इथलाच वाटला.

दादानं त्या दोन खुणांमधनं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "दहाव्याला माझे केस हितंच गेले." आणि कमरेला खोवलेला विळा काढला, कणसं कापायचा, ज्वारीचा पांढरा भुस्सा लागलेला. सदऱ्याला पुसला. तेरावर एकदा आणि साडेपंधरावर एकदा, बेतानं, दगडावर ठेवून कापलं. उरलेली बट तिच्या हातात परत दिली. मधला तुकडाही तिच्याच हातात दिला.

तिनं तो डबक्यात सोडला. तरंगला, थोडा पसरला, काठाला आला, परत गेला.

उन्हं कलायला लागली तसा दादा उठला, धोतर झटकलं, विळा खोवला. "किती दिवस हायस?" त्यानं विचारलं.

वैजूचा अंगठा पहिल्या पेरावर गेलाच होता. तिथून तिनं तो काढून घेतला.

"मोजलं न्हाई," ती म्हणाली.